प्रशिक्षणात आमचेही हात ओले होऊ द्या : एका प्राथमिक शिक्षिकेचे खुले पत्र

प्रति,
नागपूर जिल्ह्यातील प्राथमिक शिक्षकांच्या प्रशिक्षणाची आखणी करणारे अधिकारी, विषयतज्ज्ञ आणि प्रत्यक्ष प्रशिक्षण देणारे सुलभक यांस

विषय : तिसरी ते पाचवीच्या वर्गांत प्रयोगातून विज्ञान शिकवण्यासाठी दिल्या जाणाऱ्या प्रशिक्षणाबाबत

महोदय आणि महोदया,

दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात, आंबिया बहाराची संत्री गावातल्या जवळपास प्रत्येक घरी पोचलेली असताना, मी चौथीच्या वर्गात तरंगण्या-बुडण्याचा प्रयोग घेतला. सालीसकट संत्रे पाण्यात सोडले की तरंगते, साल काढून सोडले की बुडते आणि सालीत अडकलेली हवा हे त्याचे कारण, एवढे मी वाचले होते आणि तेवढेच मला ठाऊक होते. पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंकडून चार गंज, म्हणजे पातेली, मागून आणले, मुलांचे चार गट केले आणि संत्री वाटली. सालीसकट चारही संत्री तरंगली. सोललेल्यांपैकी दोन तळाशी गेली, तिसरे पाण्याच्या पृष्ठभागाला जेमतेम टेकून राहिले आणि चौथे मात्र साल असताना तरंगत होते तसेच खुशाल तरंगत राहिले.

त्या क्षणी माझ्या मनात काय आले ते लिहायला आज संकोच वाटतो, पण पत्राचा विषयच तो असल्यामुळे लिहिते. ज्या दोन गटांचे संत्रे बुडाले त्यांचेच उत्तर फळ्यावर लिहावे, उरलेल्या दोन गटांना ‘तुमचे काहीतरी चुकले’ असे सांगावे आणि घंटा होण्यापूर्वी पुढच्या पाठाकडे वळावे, असे मला वाटले होते. तसे मी केलेही असते. परंतु चौथ्या गटातल्या एका मुलीने तोवर ते तरंगणारे संत्रे बाहेर काढून उलगडले होते आणि ती म्हणत होती, “मॅडम, याच्या मधात पोकळ हाये.” तिने फोडी एकेक करून पाण्यात सोडल्या आणि त्यांतल्या बहुतेक बुडाल्या. नागपुरी संत्र्याची साल सैल असते आणि फोडींच्या मध्यभागी पोकळी असते, हे त्या मुलीला लहानपणापासून माहीत होते, आणि मलाही होते. फरक एवढाच, की त्या माहितीचा विज्ञानाशी काही संबंध आहे हे तिच्या लक्षात आले आणि माझ्या आले नाही.

त्या दिवशी माझ्या नोकरीला चौदा वर्षे झाली होती. या चौदा वर्षांत मी किती प्रशिक्षणांना हजेरी लावली याचा हिशेब माझ्याकडील प्रमाणपत्रांच्या फायलीत आहे, पण त्यांपैकी एकाही प्रशिक्षणात कोणी माझ्या हातात संत्रे देऊन ‘हे पाण्यात सोडा आणि काय होते ते पाहा’ असे म्हटले नव्हते.

माझी पार्श्वभूमी सांगितली पाहिजे, कारण ती अपवादात्मक नाही. मी बारावी कला शाखेतून उत्तीर्ण झाले आणि डी.एड. करून शिक्षिका झाले. प्राथमिक शाळेत एकच शिक्षक सगळे विषय शिकवतो, त्यामुळे मराठी आणि गणिताबरोबर परिसर अभ्यासही माझ्याकडे आला. दहावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेनंतर मी परीक्षानळी हातात धरलेली नव्हती, आणि खरे सांगायचे तर त्या परीक्षेतही ती माझ्या शेजारच्या मुलीनेच धरली होती. पाठ टाचण कसे काढावे हे मला उत्तम शिकवले गेले. टाचणात ‘शैक्षणिक साहित्य’ या रकान्यात मेणबत्ती, पेला, पाणी असे लिहायचे असते, हेही शिकवले गेले. पेल्यात पाणी किती, मेणबत्ती किती उंच, आणि ती विझली नाही तर काय करायचे, हे मात्र कोणी सांगितले नाही, आणि मला विचारावेसेही वाटले नाही.

मेणबत्तीचा विषय निघाला आहे तर एका प्रशिक्षणातला प्रसंग नोंदवते. ते कोठे आणि केव्हा झाले याला महत्त्व नाही, कारण तसेच ते आणखी दहा ठिकाणी झाले असणार. सुलभकांनी ताटलीत पाणी घेतले, मधोमध पेटती मेणबत्ती उभी केली आणि तिच्यावर काचेचा पेला उपडा ठेवला. मेणबत्ती विझली, पाणी पेल्यात चढले. हवेत ऑक्सिजन साधारण २१ टक्के असतो, तो जळून संपला आणि त्याची जागा पाण्याने घेतली, म्हणून पाणी पाचव्या हिश्शापर्यंत चढते, असे त्यांनी सांगितले आणि आम्ही ते वहीत उतरवून घेतले. मागच्या रांगेतल्या एका तरुण शिक्षकाने मात्र, बहुधा कंटाळा घालवण्यासाठी, पुढे येऊन त्याच ताटलीत तीन मेणबत्त्या लावल्या आणि तोच पेला उपडा ठेवला. पाणी पहिल्यापेक्षा बरेच वर चढले. पेला तोच, त्यातली हवा तेवढीच, मग ऑक्सिजन तिप्पट कोठून आला, असा प्रश्न त्याने विचारला. उत्तर मिळाले : “या प्रयोगात मेणबत्ती एकच लावायची असते.”

हसण्यासाठी हा प्रसंग मी सांगत नाही. ते सुलभक प्रामाणिक गृहस्थ होते. त्यांना वरच्या स्तरावरील प्रशिक्षणात जे मिळाले ते त्यांनी आमच्यापर्यंत पोचवले. पेटत्या मेणबत्त्यांमुळे पेल्यातली हवा तापून प्रसरण पावते, तिच्यातली काही कडेने बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडते, आणि मेणबत्त्या विझल्यावर उरलेली हवा थंड होऊन आकुंचन पावते तेव्हा पाणी वर ढकलले जाते, हे कारण मोठे आहे. सगळा ऑक्सिजन संपण्यापूर्वीच मेणबत्ती विझलेली असते. हे समजण्यासाठी पदवी लागत नाही. पाणी मेणबत्ती जळत असताना चढते की विझल्यानंतर भरभर चढते, एवढे डोळे उघडे ठेवून पाहिले तरी शंका येते. पण राज्यस्तरावरून जिल्ह्याला, जिल्ह्यावरून तालुक्याला आणि तालुक्यावरून केंद्राला, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाला, झिरपत येणाऱ्या आपल्या प्रशिक्षणात प्रत्येक पायरीवर प्रयोग आणखी थोडा कोरडा होत जातो. वरच्या पायरीवर तो केला जातो, मधल्या पायरीवर दाखवला जातो, आमच्या पायरीवर पडद्यावर त्याचे चित्र दिसते आणि वर्गात पोचेपर्यंत तो फळ्यावरची पाच वाक्ये होऊन बसतो.

वर्गातले विज्ञान मुलांनी हाताने करावे, असे प्रत्येक धोरणात आणि प्रत्येक हस्तपुस्तिकेत लिहिलेले असते. माझे म्हणणे असे, की ज्या शिक्षकाने तो प्रयोग स्वतःच्या हाताने केलेला नाही, फसवलेला नाही आणि फसल्यावर का फसला याचा विचार केलेला नाही, त्याच्याकडून वर्गात तो करून घेण्याची अपेक्षा ठेवणे म्हणजे पोहणे पुस्तकातून शिकलेल्या माणसाला मुले घेऊन अंबाझरी तलावात उतरायला सांगण्यासारखे आहे.

हे काही नवे नाही, आणि फार दूरचेही नाही. नागपूरहून इटारसीकडे गेले की लागणाऱ्या मध्य प्रदेशातील होशंगाबाद (आताच्या नर्मदापुरम) जिल्ह्यात, जो १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या प्रांताचाच भाग होता, १९७२ मध्ये १६ शाळांमध्ये असा एक कार्यक्रम सुरू झाला. किशोर भारती आणि फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी सहावी ते आठवीच्या मुलांसाठी तो आखला. पुढे तो जिल्ह्यातील सहावी ते आठवीच्या सर्व वर्गांपर्यंत गेला आणि १९८२ मध्ये स्थापन झालेल्या एकलव्य संस्थेने तो सांभाळला. मुलांनी जे प्रयोग करायचे ते सगळे शिक्षकांनी आधी उन्हाळ्याच्या सुट्टीतील प्रशिक्षणात गटागटाने बसून स्वतः करायचे, आणि वर्ष सुरू झाल्यावर दर महिन्याला एकत्र येऊन वर्गात काय घडले, काय फसले याची चर्चा करायची, अशी तेथील रीत होती. परीक्षेला पुस्तक सोबत नेण्याची मुभा होती, कारण परीक्षा पाठांतराची नव्हती. राज्य शासनाने २००२ मध्ये तो कार्यक्रम बंद केला. पण तीस वर्षे सरकारी शाळांमध्ये, सरकारी शिक्षकांच्याच हातून तो चालला, हे ‘आमच्या शिक्षकांकडून हे होणार नाही’ असे म्हणणाऱ्या प्रत्येकाने एकदा विचारात घ्यावे.

आमच्या बाबतीत जे थोडेबहुत घडले ते प्रशिक्षणाबाहेर घडले. संत्र्याच्या त्या प्रसंगानंतर मी आणि शेजारच्या शाळेतील एक शिक्षिका, अशा दोघी शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर तास-दीड तास व्हरांड्यात बसू लागलो आणि येत्या पंधरवड्यात घ्यायचे प्रयोग आधी आपण करून पाहू लागलो. त्यातून जे कळले ते कोणत्याही हस्तपुस्तिकेत नव्हते. कूलर गारवा कसा देतो हे पाचवीच्या मुलांना दाखवावे म्हणून आम्ही दोन तापमापी घेतले, एकाच्या फुग्यावर ओल्या सुती कापडाची पट्टी गुंडाळायची आणि दुसरा कोरडा ठेवायचा असे ठरवले. पट्टी गुंडाळण्याआधीच दोन्ही तापमापी एका अंशाने वेगळे तापमान दाखवत होते. वर्गात हे घडले असते तर मी गडबडले असते. व्हरांड्यात घडले म्हणून आम्ही दोघी त्यावर अर्धा तास बोललो, आणि पुढे वर्गात प्रयोगाची सुरुवातच त्या प्रश्नाने केली : दोन्ही कोरडे आहेत, एकाच खोलीत आहेत, तरी सारखे का दाखवत नाहीत? आता यांतला खरा कोणता? तो तास कूलरपर्यंत पोचलाच नाही आणि मला त्याचे वाईट वाटले नाही.

दुसऱ्या तासाला पट्टी गुंडाळली. मार्चमधली ती कोरडी दुपार होती. ओला तापमापी दहा अंशांहून अधिक खाली उतरला. तोच प्रयोग आम्ही जुलैमध्ये, पावसाची झड लागलेली असताना पुन्हा केला, तेव्हा फरक जेमतेम दोन-तीन अंशांचा आला. पावसाळ्यात कूलर लावला की अंग नुसते चिकचिकते, हे नागपूरकडच्या कोणत्याही मुलाला सांगावे लागत नाही. त्याचे कारण मात्र त्या दिवशी मुलांनी आपापल्या तोंडाने सांगितले. बाष्पीभवनाची व्याख्या मी नंतर लिहून दिली. त्यांच्या वहीत ती आहेच, पण तिची फारशी गरज उरली नव्हती.

एका गोष्टीचा मात्र फार सराव करावा लागला आणि अजूनही तो पुरा झालेला नाही, ती म्हणजे गप्प राहणे. प्रयोग करताना मुलांना आधी ‘काय होईल असे वाटते’ ते विचारायचे, अंदाज वहीत लिहायला लावायचा, मग प्रयोग, मग ‘तुला काय दिसले’ आणि सर्वांत शेवटी ‘असे का झाले असेल’, हा क्रम ऐकायला सोपा आहे. पण मुलांचा अंदाज चुकीचा असल्याचे दिसत असताना तोंड मिटून घेणे हे आमच्या व्यवसायातल्या माणसाला अंगावर काटा आणणारे काम आहे. मी पहिल्या काही वेळा नकळत मान हलवून उत्तर सांगून टाकत असे, आणि ते माझ्या लक्षात आणून दिले ते मागे बसून पाहणाऱ्या माझ्या त्या सहकारी शिक्षिकेने. व्हिडिओ पाहून पूर्ण करायच्या प्रशिक्षणात हे कोण लक्षात आणून देणार?

काठीच्या सावलीचा प्रयोगही याच शनिवारांमधून आला. दुपारी बारा वाजता सूर्य बरोबर डोक्यावर येतो, असे मी वर्षानुवर्षे मुलांना सांगत आले होते. एका गवंडी पालकाकडून ओळंबा मागून आणला, मैदानात एक मीटर उंचीची काठी सरळ उभी केली आणि २२ डिसेंबरला साडेअकरापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडा ठेवत गेलो. नागपूर साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे त्या दिवशी सूर्य सर्वांत उंच असतानाही क्षितिजापासून ४५ अंशांच्या जवळपासच असतो आणि काठीची सावली काठीएवढीच, म्हणजे सुमारे ९९ सेंटीमीटर पडते. शिवाय सर्वांत आखूड सावली बारा वाजता पडत नाही, तर बारा वाजून साधारण बारा मिनिटांनी पडते, कारण आपले घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्ताचे आणि आपले गाव ७९ अंशांच्या आसपासचे. सूर्य नागपुरात खरोखर डोक्यावर येतो तो वर्षातून दोनच दिवस, एकदा मेच्या शेवटच्या आठवड्यात आणि एकदा जुलैच्या मध्यानंतर. पहिल्या वेळी शाळेला सुट्टी असते आणि दुसऱ्या वेळी आभाळाला. अक्षांश आणि रेखांश हे शब्द त्या वयाच्या मुलांना पेलत नाहीत, आणि मी ते वापरलेही नाहीत. पण ‘बाराला सूर्य डोक्यावर’ हे मॅडमचे वाक्य खोटे निघाले, ते कसे हे खड्यांकडे बोट दाखवून सांगणे त्यांना पुरते पेलले.

आता साहित्याबद्दल. शाळांना विज्ञान पेट्या मिळतात आणि बहुतेक पेट्या कपाटात कुलूपबंद असतात, ही तक्रार वरिष्ठांकडून मी पुष्कळदा ऐकली आहे. ती खरी आहे. पण पेटी बंद का राहते हेही पाहावे. पेटीतल्या प्रत्येक वस्तूची साठा नोंदवहीत नोंद असते. मुलाच्या हातून चंचुपात्र फुटले तर निर्लेखनाचा, म्हणजे ते नोंदवहीतून कमी करण्याचा, प्रस्ताव, नाहीतर तपासणीच्या वेळी प्रश्न. एका चंचुपात्रासाठी एवढा पत्रव्यवहार करण्यापेक्षा शिक्षक ते कपाटात सुरक्षित ठेवतो, यात आळस कमी आणि व्यवहारज्ञान जास्त आहे. वर्षभरात काही काच फुटेल, मेणबत्त्या जळून जातील, तुरीचे आणि मटकीचे दाणे भिजून कुजतील हे गृहीत धरूनच साहित्याचा हिशेब ठेवण्याची मोकळीक द्यावी. तरंगणे-बुडणे, अंकुरण, सावल्या, वाफ आणि गारवा यांसाठी तर पेटी लागतही नाही. गंज, बाटल्या आणि दोरा गावात मिळतो.

आणखी एक कबुली दिली पाहिजे. आकारिक, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या, मूल्यमापनाच्या साधनांमध्ये ‘प्रात्यक्षिक / प्रयोग’ हे एक साधन आहे आणि त्याला गुण आहेत. ज्या वर्षांत मी एकही प्रयोग घेतला नाही त्या वर्षांतही माझ्या नोंदवहीतला तो रकाना भरलेला होता. नोंदवही तपासणाऱ्यांनी गुणांची बेरीज पाहिली. एखाद्या मुलाला बोलावून ‘तू काय करून पाहिलेस’ असे विचारले नाही. विचारले असते तर माझी फजिती झाली असती, आणि बरे झाले असते.

म्हणून माझी विनंती मोठ्या कार्यक्रमाची नाही. दर महिन्याला केंद्रस्तरावर शिक्षण परिषद होतेच. तिच्यातील परिपत्रकांचे वाचन भ्रमणध्वनीवर पाठवून उरकावे आणि तो वेळ, निदान दोन तास, पुढच्या महिन्यातील प्रयोग सर्व शिक्षकांनी गटाने स्वतः करण्यासाठी राखून ठेवावा. सुलभकाने प्रयोग दाखवू नये. साहित्य टेबलावर ठेवावे आणि बाजूला व्हावे. सुलभक शक्यतो असा असावा जो त्याच आठवड्यात वर्गावर उभा होता. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने प्रत्येक शिक्षकाच्या व्यावसायिक विकासासाठी वर्षाला किमान ५० तासांची अपेक्षा ठेवली आहे. त्यांपैकी वीस तास असे गेले तरी पडद्यासमोर बसण्यासाठी तीस उरतात. द्विशिक्षकी शाळेतला शिक्षक परिषदेला आला की शाळेत एकच शिक्षक उरतो, ही अडचण मला ठाऊक आहे. पण ती आजच्या परिषदेलाही लागू आहे, आणि आज तो शिक्षक शाळा सोडून जे ऐकायला येतो त्यापेक्षा हे अधिक मोलाचे ठरेल.

गांधीसागर तलावासमोरचे रमण विज्ञान केंद्रही या कामी यावे. १९९२ मध्ये ते सुरू झाले तेव्हापासून जिल्ह्यातील शाळांच्या सहली तेथे जात आहेत, माझीही दरवर्षी जाते. साठ मुले मोजत, डबे सांभाळत फिरणाऱ्या शिक्षकाला तेथे एकही उपकरण नीट हाताळता येत नाही. मुलांशिवाय, फक्त शिक्षकांना, एक पुरा दिवस तेथे द्यावा. ज्यांच्या नावाने ते केंद्र आहे ते चंद्रशेखर वेंकट रमण स्वतः १९१० मध्ये वित्त खात्याच्या नोकरीत काही काळ नागपुरात होते, आणि कोलकात्याला असताना कचेरीच्या वेळेआधी व नंतर प्रयोगशाळेत जाऊन काम करीत. आमचे व्हरांड्यातले शनिवार त्या तोडीचे नाहीत, परंतु नोकरीच्या वेळेबाहेरच प्रयोग करण्याची सोय या शहराला जुनी दिसते.

शेवटची विनंती वर्गभेटीला येणाऱ्या अधिकाऱ्यांना. प्रयोग चालू असलेला वर्ग शांत नसतो. जमिनीवर पाणी सांडलेले असते, दोन मुले भांडत असतात आणि शिक्षिका कोठे आहे ते चटकन दिसत नाही, कारण ती कोणत्या तरी गटात उकिडवी बसलेली असते. अशा वर्गाच्या दारात उभे राहून ‘वर्गनियंत्रण सुधारावे’ असा शेरा लिहिण्यापूर्वी कृपया एका गटात बसावे आणि त्यांचा अंदाज काय होता ते विचारावे.

येत्या २२ डिसेंबरला आमच्या केंद्रातील काही शाळा पुन्हा काठ्या उभ्या करणार आहेत. आपल्यापैकी ज्यांना शक्य असेल त्यांनी आपल्या जवळच्या कोणत्याही शाळेत साडेअकराला पोचावे, सोबत मोजपट्टी आणि मूठभर खडे आणावेत, आणि सर्वांत आखूड सावली किती वाजता पडते याचा आपला अंदाज मुलांच्या अंदाजाशेजारी फळ्यावर आधीच लिहावा.

आपली नम्र,
एक प्राथमिक शिक्षिका
जिल्हा नागपूर